पुढच्या पुस्तकाची वाट

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी आली १९६३ साली. मी ती वाचली त्याच्या कितीतरी नंतर, अमरावतीच्या होस्टेलवर. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला आणि त्याचं बापाशी पटत नाही. माझंही पटत नव्हतं. तेवढ्या भांडवलावर तो माझा जिवलग झाला. खोलीतली पोरं महिनाभर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ लावूनच बोलायची. मेसच्या काकूंनाही ‘उदाहरणार्थ एक पोळी द्या’. पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं मात्र मोठ्यानं वाचायला कोणी तयार नसे.

पुढे नेमाड्यांच्याच ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ सापडतील तशा वाचल्या. ‘झूल’ १९७९ ची. नंतर ‘हिंदू’ येणार, येणार असं वर्षानुवर्षं ऐकलं. आमच्या नाल्यावरच्या पुलासारखंच ते, दर निवडणुकीला मंजूर. आली एकदाची २०१० च्या जुलैत. जुलै म्हणजे आमच्याकडे डवरणीचे, निंदणाचे दिवस, तेव्हा पुस्तक कोण विकत आणतो? हातात पडेस्तोवर दिवाळी होऊन गेली.

भाव चढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला. त्या खोलीत कोणी फिरकत नाही, आणि गंजीवर रेलून बसायला मऊ. फक्त तासाभरात मानेला, कोपरांना खाज सुटते. साठवलेल्या कापसाची ती खाज ज्यानं भोगली त्यालाच ठाऊक. सहाशे पानांच्या त्या ठोकळ्याचा बराच भाग मी खाजवत वाचला.

सुरुवातीला चिडलोच. ‘हिंदू’चा नायक खंडेराव हा पुरातत्त्ववाला, गडी मोहेंजोदडोला उकरत बसलेला. माझा पांडुरंग कुठाय? लेखक तोवर सत्तरी ओलांडून गेला होता आणि मी त्याच्याकडे पंचविशीतला पोरगा मागत होतो. बरं, मी तरी कुठे होस्टेलवर होतो! बाबा जाऊन सातबाऱ्यावर माझं नाव चढलं होतं, सोसायटीचं कर्जही सोबत. खंडेराव बापाच्या निरोपावर मोरगावला निघाला, तिथून मात्र पुस्तक हातचं सुटेना. बाप गेल्यावर घराचा, वावराचा पसारा कोणी ओढायचा, हा प्रश्न पांडुरंगाला पडलाच नव्हता. मलाही तेव्हा पडला नव्हता. काही ठिकाणी सगळंच सांगण्याचा सोस फार झालाय, ती पानं मी सरळ उलटली. लेखकावर प्रेम असलं म्हणून प्रत्येक पानाला हात जोडायचे असं थोडंच आहे.

चार भागांतला हा पहिला, असं तेव्हाच जाहीर झालेलं. म्हणजे वाट पाहणं आलंच.

एका दुपारी मोठेबाबा दारात येऊन उभे राहिले.

“काय वाचून राह्यला बे इतकं जाडं?”

“कुणब्याच्या पोराचं हाये मोठेबाबा. बाप मेला, पोरगं दूर शिकून राह्यलं.”

“वावर किती हाये त्यायच्याकडं?”

“असन लिहेल कुठंतरी.”

“मंग ते पान काढ ना पह्यले. अन् पाय, ओलिताचं हाये का कोरडवाहू.”