अनंताच्या काड्या आणि माझी उकरून बघायची खोड

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दादाचा चिपळूणहून फोन आला, पुढचा गडगा दिवाळीनंतर पाडतोय गं, गाडी आत येत नाही, त्यात अनंत जाणार, तुला काय फांद्याबिंद्या हव्या असतील तर आत्ताच ने. मी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते, गॅलरी पूर्वेची, कुंड्या मोजून अकरा. पण तो अनंत म्हणजे पुरुषभर उंच वाढलेला, पावसाच्या तोंडावर असा फुलायचा की रात्री पडवीत झोपलं तर वासाने डोकं धरायचं, त्यामुळे हो म्हटलं, येते.

आता कुणी म्हणेल नर्सरीतून आण ना एक रोप. आणलेलं, दोनदा. कळ्यांनी लगडलेलं आणायचं आणि महिन्याभरात त्याचा खराटा. आणि मला तोच हवा होता. आमचा डबल पाकळ्यांचा, त्याला फळ धरलेलं घरात कुणी बघितलं नाही, म्हणजे बीचा प्रश्नच नाही, काडीच लावायची. (एकेरी पाकळ्यांच्या अनंताला केशरी फळं येतात आणि जपानमध्ये त्यातून खायचा पिवळा रंग काढतात हे मला या सगळ्या उद्योगात कळलं. आणि अनंत कॉफीच्या कुळातला आहे हेही. चमकदार पानं बघितली की पटतं.)

पहिली खेप मे महिन्यातच. मी आपली चांगल्या जाड, कळ्या असलेल्या फांद्या बघून घेतल्या, म्हटलं फूल येतंय म्हणजे जोमाची असणार. इथेच पहिली चूक. जुनी जाड लाकडासारखी फांदी मुळं धरायला फार वेळ घेते, धरली तर, आणि कळी असली की फांदीत जे काही साठलेलं असतं ते सगळं त्या कळीत जातं. आणल्या, कुंडीतल्या नेहमीच्या मातीत खोचल्या, रोज दोन वेळा पाणी. आठ दिवसांनी एका काडीला इवलंसं पोपटी पान फुटलं आणि मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, "लागला!!!" वगैरे, सगळ्यांचे अंगठे आले. पुढच्या आठवड्यात तेच पान मान टाकून बसलं. उपटून बघितलं तर खाली काळा चिखल, मूळ एक नाही. पान फुटणं म्हणजे मूळ फुटणं नाही, काडी अंगच्या साठ्यावर चार दिवस पान काढून दाखवते आणि आपण फसतो.

दुसरी खेप पाण्यात. उरलेल्या चार काड्या काचेच्या बाटलीत ठेवल्या. तीन कुजल्या, पण एकीला महिन्याने खरंच मुळं आली, पांढरी, ठिसूळ, शेवयांसारखी. ती मातीत लावली आणि आठवड्यात गेली. पाण्यातली मुळं पाण्याच्या सवयीची असतात, मातीत गेल्यावर त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अनंत पाण्यात होतो असं छातीठोक सांगणारे लोक आहेत, त्यांचा होत असेल, मला नाही जमला.

आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगो, मे महिन्यात कोण काडी लावतं? आर्द्रा लागली की खोचायची पागोळीखाली, होते." पागोळी. चौथ्या मजल्यावर. बरं.

तरी तिचं ऐकलं आणि जुलैच्या सुरुवातीला परत गेले. या वेळी सकाळी सात वाजता, फांद्यांत पाणी भरलेलं असताना कापल्या. निवडताना हे बघितलं की काडी त्याच वर्षीची हवी, खालून तपकिरी व्हायला लागलेली आणि वरून हिरवी, वाकवली तर वाकेल पण जास्त वाकवली तर कट्‌कन मोडेल अशी. चार-पाच इंच लांब, डोळ्याच्या जरा खाली कापलेली, कारण मुळं मुख्यतः तिथूनच फुटतात. बारा घेतल्या. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून आईच्या जुन्या पातळाचा ओला तुकडा, मग पिशवी, आणि कुंभार्ली घाटातून एसटीने कराडमार्गे पुणे. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, मासे आहेत का हो.

घरी आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, खालची पानं काढली, वरच्या दोन जोड्या ठेवल्या आणि ती पानंही कात्रीने अर्धी कापली. पान पूर्ण ठेवलं तर त्यातून पाणी उडत राहतं आणि खाली प्यायला मूळच नाही, सगळी काढली तर अन्न तयार होत नाही, म्हणून अर्धी. देठाचं टोक रूटिंग हार्मोनच्या पावडरीत बुडवून झटकलं, जास्त लावून फायदा नसतो. माती अजिबात नाही, धुतलेली वाळू आणि दोन-तीनदा धुऊन पिळलेलं कोकोपीट निम्मं निम्मं. कोकोपीट धुवायचा कंटाळा करू नका, त्यात मीठ असतं. पेन्सिलीने भोक पाडून काडी ठेवली, बोटांनी दाबली, आणि वरून पारदर्शक पिशवीचा तंबू, म्हणजे आत कायम दमट. हीच माझी पागोळी. जागा उजेडाची पण उन्हाची नाही.

आणि मग सुरू झाला खरा त्रास, म्हणजे मी. मला राहवेना. तिसऱ्या दिवशी एक काडी हळूच वर उचलून बघितली, सहाव्या दिवशी दुसरी, दहाव्या दिवशी आणखी दोन. तळाशी पांढरट फुगवटा आला होता, जखम भरून येते तसा, त्यातून पुढे मुळं निघतात, आणि मी तो उचलून घासवून परत खोचत होते. सासूबाईंनी पकडलं. म्हणाल्या, "अगं, पाळण्यातलं पोर झोपलंय का ते बघायला सारखं उचलतात का? झोपेल कसं ते?" त्या चार काड्या गेल्याच, बरोबर त्याच ज्या मी उचलल्या होत्या. उरल्या आठ.

खोड काही जाणारी नव्हती म्हणून उपाय काढला. पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास घेतले, तळाला भोकं पाडली, एकेक काडी भोवतालच्या मिश्रणासकट चमच्याने उचलून एकेका ग्लासात ठेवली आणि तो ग्लास कागदी कपात बसवला. मुळांना अंधार मिळतो आणि मला बघावंसं वाटलं की आतला ग्लास तेवढा वर काढून बाहेरूनच बघायचं, काडीला हात नाही. यातच एक काडी बुरशीने गेली, पिशवीच्या आत पान गळून पडलेलं मी काढलं नव्हतं, त्यावरून पसरली. बाकी महिनाभर काहीच नाही. रोज सकाळी कप उचलायचा, वाळू बघायची, ठेवायचा. सदतिसाव्या दिवशी एका ग्लासच्या कडेला दोऱ्यासारखी पांढरी रेघ दिसली. मी चष्मा पुसून परत बघितली. पंधरवड्यात पाच ग्लासांत मुळं, दोन शेवटपर्यंत हिरव्या राहूनही बिनमुळाच्या.

पाचांपैकी दोन मी माझ्या हाताने घालवल्या. गणपतीच्या गडबडीत पिशवी एकदम काढून टाकली, दुपारपर्यंत माना टाकल्या. उरलेल्या तिघांना शहाणपणाने वागवलं, आधी पिशवीला भोकं, मग रोज तासभर उघडी, मग दोन तास, असं दहा दिवस.

दिवाळीनंतर गडगा पडला, अनंत गेला. दादाने फोटो पाठवला नाही ते बरं केलं.

इकडे थंडीत माझी तिन्ही रोपं पिवळी पडायला लागली, नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या. मी शेणखत घातलं, उपयोग शून्य. मग डोक्यात प्रकाश पडला की आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, बादलीला पांढरा थर धरतो, आणि अनंताला आंबट जमीन लागते. कोकणात जांभ्याची माती आपसूक आंबट, वरून पाऊस, त्यामुळे आईने त्याला कधी काही घातलंच नाही. चुनखडीच्या पाण्यात मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. लिटरभर पाण्यात चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालून बघितलं, थोडा फरक, मग चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीतही झाडाला घेता येईल असं लोह, आणलं, त्याने महिन्याभरात नवी पानं हिरवीगार आली. माती बदलून कोकोपीट आणि पानांचं खत जास्त घातलं, आणि आता पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवते, सोसायटीत चेष्टा होते.

पुढच्या जूनमध्ये तिघांतलं सगळ्यात दांडगं रोप घेऊन चिपळूणला गेले. आईने ते विहिरीजवळ लावलं, चारी बाजूंनी फिरून बघितलं, आणि मी आत चहा टाकायला गेले तेवढ्यात त्याची एक फांदी मोडून घेतली. मी ओरडलेच. ना पावडर, ना पिशवी, ना पानं अर्धी कापलेली. पागोळीखाली खोचली आणि पायाने दाबली.

श्रावणात फोन आला. "अगो, माझी काडी लागली. तुझं ते पावडरवालं झाड कसं आहे?"