दुसरी बिडी संपेपर्यंत

"मॅडम, आमच्या अण्णांची नस सुकलीय. हे बघा, पिवळं आलंय."

औसा तालुक्यातले बापलेक. अण्णा पंच्याहत्तरीच्या आसपासचे, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू मागेच काढलेले. तक्रार एकच, रात्री रानात दिसंना. तक्त्यासमोर बसवलं तर ६/६ ची, म्हणजे चांगल्या नजरेची बारीक अक्षरांची ओळ खडाखडा वाचली. मुलगा असा बघायला लागला की म्हातारा सोंगच करतोय.

मुलानं पुढं केलेला कागद ओसीटीचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांच्या स्कॅनचा. त्यावर डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या धाग्यांच्या थराची जाडी असते आणि ती त्याच वयाच्या निरोगी लोकांशी ताडलेली असते. पिवळा म्हणजे अशा शंभर जणांतल्या सर्वांत पातळ पाचांत बसणारा. म्हणजे मुळात निरोगी माणूसही पिवळ्यात येतोच. हे कुणी सांगत नाही, कागद मात्र हातात देतात. जन्मतः या नसेत दहा-बारा लाख धागे असतात, त्यातले वर्षाला काही हजार आजार नसतानाही गळतात. काचबिंदूत ते झपाट्यानं आणि ठरावीक जागी गळतात, म्हणून नुसत्या रंगावर निकाल देता येत नाही.

डोळ्याचा दाब १४ निघाला, म्हणजे ठीकच. बाहुली मोठी करून पाहिलं, नसेची कड सगळीकडून गुलाबी, कुठंही खाच नाही. फील्डच्या, म्हणजे नजर किती दूरवर पसरते त्याच्या तपासणीत अण्णांना मध्येच डुलकी लागली, म्हणून चहा पाजून पुन्हा केली. स्वच्छ आली. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर चारदोन बारीक पिवळे ठिपके आणि मधली तरुणपणीची चकाकी गेलेली. या वयात एवढं चालायचंच. रातांधळेपणाच्या आजारातले काळे डाग नव्हते, साखरही नव्हती.

मग दिसत का नाही? म्हटलं, "मामा, नेमकं कधी दिसत नाही ते सांगा."

"थ्रीफेज लाईट रात्रीचीच असती की. मोटार चालू कराया खोलीत जायचं, तिथं ह्यो मोठा बल्ब. भाईर आलं की काळंकुट्ट. बांधावर बसून एक बिडी ओढायची, दुसरी ओढायची, मग सरी दिसाया लागती. आधी बिडी पेटवायच्या आत दिसायचं."

इतकं नेमकं उत्तर मला शिकलेल्या पेशंटकडूनही क्वचित मिळतं.

तक्ता वाचायला लागतात पडद्याच्या अगदी मधल्या शंकूपेशी, आणि त्या म्हातारपणीही बऱ्यापैकी टिकतात. अंधारात काम करतात त्या दंडपेशी. मध्याभोवतालच्या दंडपेशी तिशीपासून नव्वदीपर्यंत जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतात. उरलेल्यांना उजेडानंतर पुन्हा तयार व्हायला तरुणपणीही अर्धा तास लागतो, उतारवयात त्याहून जास्त. त्यात बाहुली लहान राहते, आत उजेडच कमी जातो. अण्णा रोज रात्री त्या बल्बखाली स्टार्टर दाबून थेट अंधारात पाऊल टाकत होते. वर काडी ओढली की तोंडासमोर पुन्हा उजेड!

मुलाला गोळ्या हव्या होत्या. मी लिहिल्या नाहीत. खोलीतला बल्ब लहान करा, बाहेर निघताना डोक्याला बांधायची बॅटरी लावा, पायाखाली उजेड पडू द्या, आणि थोडं थांबूनच सरीत उतरा, एवढंच सांगितलं. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी देताना, दारं धरताना विंचू-किरडाचं भय असतंच. वर्षानं पुन्हा ओसीटी करून अण्णांची नस त्यांच्याच जुन्या मापाशी ताडायची ठरलं.

बिडीवरही बोलले. पडद्याचा मधला भाग खराब होण्याच्या आजारात धूम्रपानाचा मोठा हात असतो. अण्णा म्हणाले, "मग थांबायचं कशाच्या हिशोबानं?"

"रात्री मीच जात जाईन," मुलगा म्हणाला.

अण्णांनी टोपी नीट केली. "ह्याला दारं धराया येत असती तर मी कशाला गेलो असतो, मॅडम?"