ल्यूबेकमधला सरकता षड्ज

उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेकच्या सेंट मेरी चर्चमध्ये ऑर्गन ऐकताना वादक दिसत नाही. मोठा ऑर्गन पश्चिमेच्या भिंतीवर, आपल्या पाठीमागे. आपण बसायचं वेदीकडे तोंड करून. वर ३८.५ मीटर उंचीवर विटांची कमान, त्यामुळे सूर विरायला बराच वेळ घेतात. हॅम्बर्गहून ट्रेनने जेमतेम पाऊण तास लागतो. डीट्रिश बुक्स्टेहुडेची डी मायनरमधली (म्हणजे डी हा षड्ज धरून साधारण आसावरी थाटाच्या सुरांतली) पासाकालिया वाजणार असली की मी जातेच. १६६८ पासून १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो याच चर्चचा ऑर्गनवादक होता.

पासाकालियात खर्जातली एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर फेरीला तिच्यावर नवा विस्तार होतो. एकल तबल्याला पेटीवर लेहरा धरलेला तुम्ही ऐकला असेल, तर कान तयारच आहेत. फक्त इथे लेहरा धरणारा आणि विस्तार करणारा माणूस एकच. ओळ पायांनी पेडलवर वाजते, विस्तार दोन्ही हातांनी. बुक्स्टेहुडेची ओळ बारा मात्रांची, आणि तिच्या फेऱ्या २८.

पहिल्या सात फेऱ्या मूळ षड्जावर होतात. मग एक लहानसा दुवा येतो आणि ती ओळ जागा सोडते. पुढच्या सात फेऱ्या कोमल गंधाराला षड्ज करून, त्यानंतरच्या सात पंचमावरून, आणि शेवटच्या सात पुन्हा मूळ जागी. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हा धक्काच असतो. आसावरी थाटाच्या सुरांत कोमल गंधाराला षड्ज मानलं की बिलावल उमटतो. मूर्च्छनेचं हे सौंदर्य आपले गायक क्षणभर दाखवतात, पण खाली तानपुरा तोच राहतो. इथे खालचा आधारच उचलून दुसरीकडे नेलेला असतो. दुसऱ्या भागात शुद्ध गंधार लागतो तेव्हा सगळं चर्च उजळल्यासारखं वाटतं. आणि ज्या तीन जागांवर ओळ बसते, त्या षड्ज, कोमल गंधार, पंचम एकत्र वाजवल्या तर डी मायनरचा मूळ स्वरसंघच होतो! जेमतेम सहा मिनिटांच्या रचनेतली ही बांधणी मला थोर वाटते.

१७०५ मध्ये विशीतला, पुढे थोर संगीतकार ठरलेला योहान सेबास्टियन बाख बुक्स्टेहुडेला ऐकायला आर्नश्टाटहून, सुमारे ४०० किलोमीटरवरून, पायी इथे आला. रजा चार आठवड्यांची होती. तो काही महिने राहिला. ही पासाकालिया आज आपल्याला मिळते तीही त्याच्या थोरल्या भावाने, योहान क्रिस्टोफने, नकलून ठेवलेल्या वहीतून. त्याच वहीत बाखची स्वतःची सी मायनर पासाकालियाही आहे. बुक्स्टेहुडेच्या बोटांखालचे इथले ऑर्गन मात्र उरले नाहीत. मार्च १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात चर्च जळलं. सध्याचा मोठा ऑर्गन १९६८ चा.

घरी ऐकणार असाल तर फोनच्या स्पीकरवर नको. पेडलचा खर्ज त्यातून जवळजवळ येतच नाही, आणि मग फक्त वरची नक्षी उरते. चांगले हेडफोन लावा, पहिल्यांदा हातांकडे दुर्लक्ष करून फक्त पायांची ओळ धरा. बुक्स्टेहुडेनंतर बाखची ऐका. तिथे ओळ आधी एकटी येते, मग तिच्यावर २० विस्तार होतात; मध्येच ओळ पायांतून निघून वरच्या सुरांत चढते, काही काळ पेडल गप्प होतं, आणि नंतर खर्ज परत येतो.