लाकूड कातताना कॅलिपर कुठला घ्यावा

लेथ (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) आला, चक (त्यावर तुकडा जबड्यांत धरणारा भाग) आला, टूल्सचा सेट आला की पुढचा प्रश्न हमखास येतो, कॅलिपर, म्हणजे व्यास-जाडी मोजायचं हत्यार, कुठला घेऊ? आणि बहुतेक जण एक डिजिटल व्हर्नियर (सरकत्या जबड्यांचा, स्क्रीनवर आकडा दाखवणारा कॅलिपर) घेऊन मोकळे होतात. वाईट वस्तू नाहीये ती, माझ्याकडेही आहे आणि लागते पण बऱ्याचदा, पण लेथवरचं मुख्य काम तिचं नाही असं माझं ठाम मत आहे. कातकामात आपल्याला आकडा फार क्वचित लागतो. टेबलाचे चार पाय करायचे असतील तर त्यांचा जाड भाग ३८ मिमी भरला की ३८.४, याने कुणाला काही फरक पडत नाही, चारही पाय शेजारी उभे केल्यावर सारखे दिसले पाहिजेत बस. म्हणजे एका तुकड्यावरचं माप जसंच्या तसं उचलून दुसऱ्यावर नेता आलं पाहिजे, आणि ते काम साध्या दोन पायांच्या स्प्रिंग कॅलिपरइतकं चांगलं दुसरं कुठलंच हत्यार करत नाही.

स्प्रिंग कॅलिपर म्हणजे डोक्यावर गोल स्प्रिंग, बाहेर फुगलेले दोन पाय आणि मधे स्क्रू-नट. स्प्रिंग पायांना सतत बाहेर ढकलत असते, त्यामुळे नट कायम दाबाखाली राहतो, आट्यांमधला ढिलेपणा आपोआप निघून जातो आणि एकदा लावलेलं माप लेथच्या थरथरीतही हलत नाही. दुसरा प्रकार नुसत्या रिव्हेटवर घट्ट बसवलेला, हाताने उघडायचा. तो मोठ्या व्यासाला बरा पडतो, पण टेबलावर ठेवताना जरा आपटला की माप सरकतं आणि सरकलंय हे कळतही नाही, म्हणून सारखे सारखे तुकडे काढायचे असतील तर मी स्प्रिंगवालाच घ्या म्हणेन.

घेताना हातात धरून बघा. पाय पातळ पत्र्याचे असतील तर नको. बोटांनी हलकेच फाकवून बघा, सहज वाकत असतील तर लेथवरही वाकणार, आणि मग काय होतं की पाय फाकून कॅलिपर लवकर आत जातो, आपण कातणं थांबवतो आणि तुकडा ठरवल्यापेक्षा जाड राहतो. नंतर पूर्ण बंद करून उजेडासमोर धरा, दोन्ही टोकं समोरासमोर भिडली पाहिजेत, एक पुढे एक मागे असेल तर पाय पिळलेला आहे. साइजचं म्हणाल तर १५० मिमीचा एक सगळ्यात जास्त वापरला जातो. पण एकावर थांबू नका असं माझं म्हणणं आहे. महागड्या एका कॅलिपरपेक्षा साधे तीन-चार घ्या, कारण एका पायावर जाड भाग, गळा, खालचं टोक अशी वेगवेगळी मापं असतात आणि प्रत्येक वेळी नट फिरवून माप बदलत बसलं की वेळ तर जातोच, वर दर वेळी थोडा थोडा फरकही पडत जातो. प्रत्येक मापाला एक कॅलिपर लावून टाका, पायाला वेगवेगळ्या रंगाची टेप गुंडाळा, आणि शेवटचा पाय होईपर्यंत एकाही नटला हात लावू नका.

नवीन कॅलिपर आणला की लेथजवळ नेण्याआधी एक काम करायचंच. त्याची टोकं बहुतेक वेळा चौकोनी, धारदार कडांची येतात. बारीक कानशीने त्या कडा उडवून टोकं गोल करा, मग बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, नखावरून फिरवलं तर ओरखडा उठता कामा नये. हे केलं नाही तर फिरत्या लाकडात ते टोक अडकतं, आणि अडकलं की कॅलिपर हातातून उडतो. हे अजिबात हलक्यात घेऊ नका.

आता वापर. दोन सेंटरमधे, म्हणजे लेथच्या दोन्ही टोकांकडच्या आधारांमधे, धरलेला लांब तुकडा असेल तर आधी तो पूर्ण गोल करून घ्या, कुठेही सपाट बाजू उरता कामा नये. जिथे माप हवंय तिथे पार्टिंग टूलने (सरळ खाच पाडायचं अरुंद हत्यार) खाच पाडायला सुरुवात करा, आणि खाच टूलच्या रुंदीपेक्षा थोडी रुंद ठेवा नाहीतर टूलही घासतं आणि कॅलिपरही बाजूंना चिकटतो. सरावाचे लोक एका हातात पार्टिंग टूल (त्याची मूठ कोपराखाली दाबून) आणि दुसऱ्या हातात कॅलिपर धरून, लाकडाच्या मागच्या बाजूने खाचेत टेकवून ठेवतात. खाच खोल होत जाते तसा टोकांचा आवाज बदलतो, सुरुवातीला खरखर, मग बोटांना जाणवेल अशी बारीक थरथर, आणि माप आलं की कॅलिपर स्वतःहून पलीकडून आपल्याकडे सरकून येतो, त्या क्षणी टूल मागे घ्यायचं. ओढायचं नाही, वजन टाकायचं नाही, नुसतं टेकवून ठेवायचं. बोट कॅलिपरच्या कमानीत अडकवायचं तर अजिबातच नाही. शिकत असाल तर सरळ लेथ थांबवा, माप घ्या, परत चालू करा, दोन मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

आणि फिरत्या लाकडाला कॅलिपर टेकवायची ही सूट फक्त सेंटरमधल्या गोल तुकड्याला, आउटसाइड (बाहेरचा व्यास मोजणाऱ्या) कॅलिपरला. वाडग्यावर नाही, कडा खडबडीत असलेल्या लाकडावर नाही, इनसाइड (आतला व्यास मोजणारा) कॅलिपर फिरत्या पोकळीत तर कधीच नाही, आणि व्हर्नियर फिरत्या लाकडाला कधीच लावायचा नाही, त्याचे जबडे टोकदार असतात.

माप लावताना शेवटच्या व्यासापेक्षा साधारण १ मिमी जास्त लावा. ४० हवा असेल तर ४१. खाचेचा तळ पार्टिंग टूलने थोडा फाटलेला असतो, तो साफ करायला आणि पॉलिश पेपरला तेवढं लाकूड लागतं.

वाडगा करताना गोष्ट वेगळी, तिथे बाहेरच्या व्यासापेक्षा भिंतीची जाडी महत्त्वाची. त्यासाठी इंग्रजी आठाच्या आकाराचा दुहेरी कॅलिपर येतो, मधे पिव्होट, दोन्हीकडे सारखेच जबडे. एक बाजू भिंतीवर धरली की दुसऱ्या बाजूला तेवढीच फट उघडते, ती डोळ्यांना दिसते, हवी तर पट्टीने मोजता येते. म्हणजे कॅलिपर बाहेर न काढता, कडेपासून तळापर्यंत सरकवत नेता येतो आणि फट कुठे वाढली कुठे कमी झाली हे सरकवता सरकवता कळतं. मला स्वतःला हे सगळ्यात लाडकं हत्यार वाटतं. फक्त तो भिंतीला काटकोनात धरायचा, तिरका झाला की जाडी जास्त दाखवतो. आणि घेताना एक बाजू बंद करून बघा, दुसरीही त्याच वेळी बंद झाली पाहिजे, नसेल होत तर सगळी मापं तेवढ्याने चुकणार.

ओलं लाकूड असेल तर त्याच कॅलिपरने भिंत व्यासाच्या साधारण १० टक्के ठेवून कच्चं कातून ठेवतात, म्हणजे २५० मिमीच्या वाडग्याला २५ मिमी. वाळताना लाकूड वर्षवलयांच्या कडेकडेने साधारण दुप्पट आकसतं, गाभ्याच्या दिशेने त्यामानाने कमी, त्यामुळे गोल वाडगा अंडाकृती होतो. म्हणून वाळलेला तुकडा परत चढवण्याआधी दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजा, त्यातलं लहान माप तेच खरं उपलब्ध माप. लाकूड असं सरकत असताना व्हर्नियरच्या स्क्रीनवरचा ०.०१ मिमी बघून खूश होण्यात अर्थ नाही.

मग व्हर्नियर कुठे लागतो? चकच्या टेननला, म्हणजे चकने पकडायला तुकड्यावर ठेवलेल्या गोल खुंटीला. चकचे जबडे जवळजवळ बंद असताना त्यांचं खरं वर्तुळ होतं आणि पकड सगळ्यात चांगली बसते, म्हणून ते माप एकदा व्हर्नियरने घ्यायचं, टेनन त्याहून २-३ मिमी मोठा काढायचा. ड्रिलचं भोक, बेअरिंग, पेनच्या पितळी नळ्या, म्हणजे जिथे लाकूड धातूला भिडतं तिथे आकडा पाहिजेच. मऊ लाकडावर व्हर्नियरच्या जबड्यांची टोकं रुततात आणि माप कमी दाखवतं, म्हणून जबड्याचा आतला रुंद भाग टेकवा. डायलवाल्या (गोल तबकडीवर काटा फिरणाऱ्या) व्हर्नियरच्या दातऱ्यात भुसा जातो, त्यामुळे लेथशेजारी मला तरी साधा स्केलवाला नाहीतर डिजिटलच परवडतो.

झाकणाच्या डबीला मात्र कॅलिपर अर्ध्या रस्त्यापर्यंतच. झाकणाचा आतला व्यास इनसाइड कॅलिपरने उचला, त्यावर आउटसाइड लावा, डबीची मान अर्धा मिमी जास्त ठेवून तिथे थांबा. पुढे लेथ बंद करून झाकणच हलकं दाबून फिरवून बघायचं, जिथे घासतं तिथे मानेवर चकचकीत रेघ उमटते, तेवढीच रेघ काढायची, परत झाकण लावायचं, आणि बसेपर्यंत हेच.

काम झालं की कॅलिपर पुसून ठेवा, विशेषतः ओक किंवा ओलं लाकूड कातलं असेल तर. टॅनिन आणि लोखंड मिळून काळा डाग पडतो, आणि तो पुढच्या फिकट लाकडावर उमटला तर घासूनही सहजी जात नाही.