पॉइंटमागे पाच रुपये

बुद्धिबळ मला वडिलांनी शिकवलं, रामबागेतल्या घराच्या ओटीवर. त्यांच्या देशी नियमांत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. पुढे संसारात पट माळ्यावर गेला. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि वयाच्या 47व्या वर्षी मला वाटलं, आपल्यालाही फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं, रेटिंग असावं; खेळाची ताकद दाखवणारा आकडा. एका कर सल्लागाराकडे मी हिशेब लिहिते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून खर्च वहीत टिपत गेले.

आधी बुद्धिबळ महासंघाची वार्षिक नोंदणी. मग इंदूरमध्येच 1600 च्या आतल्यांची नऊ फेऱ्यांची स्पर्धा होती, तिची फी 2,000 रुपये. मुदत दोन दिवसांनी हुकली म्हणून वर 500 लेट फी. बक्षिसांची यादी वाचून हसू आलं. सात वर्षांखालचे, नऊ वर्षांखालचे, अकरा वर्षांखालचे असे सगळे गट होते, पण पन्नाशीकडे झुकलेल्या अनरेटेड बाईसाठी काही नाही. म्हणजे माझ्या अडीच हजारांतून कुणाच्या तरी लेकराचा चषक येणार. येऊ दे.

मला वाटत होतं, नऊ डाव खेळले की नऊ डावांचं रेटिंग. खरा प्रकार पहिल्या फेरीनंतर कळला. पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात. अनरेटेडशी खेळलेला डाव, बाय (जोडी न लागल्याने न खेळता गेलेली फेरी), समोरचा न आल्यामुळे मिळालेला गुण, यांतलं काहीच त्यात धरत नाहीत. आणि स्विस पद्धतीत सारखे गुण असलेल्यांची जोडी लागते. पहिल्या फेरीत मला रेटिंग असलेला मुलगा आला, मी हरले आणि तळाला गेले. तळाला सगळे माझ्यासारखेच! चार डाव अनरेटेड मुलांशी झाले. एका फेरीत बाय, एका फेरीत समोरची खुर्ची तासभर रिकामी. मी घड्याळाकडे बघत बसले, बटाटेपोह्यांचा डबा संपवला आणि पूर्ण गुण घेऊन घरी आले. त्या गुणाचा उपयोग शून्य.

नऊ फेऱ्यांत मोजण्यासारखे डाव तीनच. दोन हरले. तिसऱ्यात 1480 चा, जेमतेम टेबलापर्यंत पोचणारा मुलगा पासष्ट चालींनंतर डोळे चोळत म्हणाला, "आंटी, ड्रॉ चलेगा?" माझ्याकडे एक प्यादं जास्त होतं, तरी मी हात पुढे केला. त्या अर्ध्या गुणाची किंमत नंतर कळली. पहिल्या स्पर्धेत रेटेड खेळाडूंशी शून्य गुण असते, तर तीनही डाव बाद झाले असते.

हे डाव 26 महिन्यांच्या मुदतीत पुढच्या स्पर्धेच्या डावांना जोडता येतात. म्हणून भोपाळ. फी 1,800. नणंदेकडे उतरले, त्यामुळे हॉटेल वाचलं, पण दोन दिवस तिच्या सासूबाईंचं "या वयात?" ऐकावं लागलं. या वेळी पैसे भरण्याआधी नोंदणी झालेल्यांची यादी उघडून रेटेड किती ते मोजलं. फायदा झाला. चार रेटेड प्रतिस्पर्धी मिळाले, त्यांत एक डाव जिंकले, एक बरोबरीत.

सातांत दोन गुण. 2024 पासूनच्या नियमात पहिल्या रेटिंगसाठी 1800 च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी बरोबरी धरतात. माझ्या सात प्रतिस्पर्ध्यांत हे दोघे मिळवले की सरासरी 1600 येते. नवांत तीन गुण म्हणजे फिडेच्या तक्त्याप्रमाणे त्या सरासरीतून उणे 125. एक तारखेच्या यादीत माझ्या नावापुढे आकडा होता 1475. वहीतला खर्च, बसभाडं धरून, 7,400. म्हणजे पॉइंटमागे पाच रुपये. आमच्या मिस्टरांनी हा भाव सोसायटीत सगळ्यांना सांगितला.

शेजारचे काका मात्र गालात हसले. त्यांचं जुनं रेटिंग 1150, कित्येक वर्षांत एकही स्पर्धा नाही. पण मार्च 2024 मध्ये फिडेने 2000 खालच्या सगळ्यांना वर उचललं, 2000 ला जितके कमी तितक्याच्या चाळीस टक्क्यांनी. काकांना 340 मिळाले. घरबसल्या 1490! माझ्यापेक्षा पंधरा जास्त, आणि प्यादंसुद्धा न हलवता.

"आता तू खेळूच नकोस," ते म्हणाले. "आकडा कपाटात ठेव."

त्यांचं म्हणणं हिशेबाने चूक नाही. पहिले तीस डाव माझा गुणांक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा, 40 आहे. माझ्याच ताकदीच्या खेळाडूकडून हरले की 20 पॉइंट जातात. असे चार डाव गेले की 1395, आणि 1400 च्या खाली पुन्हा अनरेटेड. सात हजार चारशे पाण्यात.

पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेची यादी काल उघडली. अर्ध्याहून जास्त रेटेड आहेत. फी भरून टाकली, लेट फी लागायच्या आत.