क्वे चॅप खायला शिकताना

सिंगापूरला आलेली मराठी माणसं हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छोट्या स्टॉलच्या स्वस्त खाण्याच्या ठिकाणी, चिकन राइस, लाक्सा, फार तर फिशबॉल सूपपर्यंत पोचतात. क्वे चॅप, म्हणजे मसाल्याच्या रसात शिजवलेलं डुकराचं मांस आणि सोबत तांदळाच्या पिठाचे तुकडे घातलेला रस्सा. त्याच्या स्टॉलवरून मात्र बहुतेक जण पुढे निघून जातात. काचेमागे डुकराची आतडी, कातडं, पोटाचं मांस, टोफू, अंडी, सगळं एकाच तपकिरी रंगात मुरलेलं दिसतं आणि मागायचं काय, ते कळत नाही. मला हे खाणं माझ्या ऑफिसमधल्या एका तिओच्यू सहकाऱ्याने शिकवलं. आता कोणी विचारलं की इथे एकच पदार्थ खायचा तर कोणता, तर मी याचंच नाव घेतो.

तिओच्यू लोक मूळचे चीनच्या ग्वांगदोंग प्रांताच्या पूर्व भागातले, चाओचौ आणि शांतौ बंदराच्या परिसरातले. सिंगापूरच्या चिनी समाजात होक्कियन लोकांनंतर संख्येने तेच जास्त. सोया सॉस आणि मसाल्याच्या पाण्यात मंद आचेवर तासन् तास शिजवणं हा त्यांचा हातखंडा. डार्क सोया, चक्रीफूल, दालचिनी, लवंग, लसूण, खडीसाखर, आणि त्यांची खास खूण म्हणजे कोष्टकोळिंजन, आल्यासारखा एक कंद. तो वास स्टॉलच्या बराच आधी गाठतो.

आम्ही गेलो ओल्ड एअरपोर्ट रोडच्या फूड सेंटरला. रस्त्याचं नाव कल्लांग विमानतळावरून पडलंय; तो 1937 ते 1955 चालला. दीडशेच्या आसपास स्टॉल, डोक्यावर पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या. आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची, मग रांगेत उभं राहायचं. स्टॉलवरची आंटी पहिला प्रश्न विचारते, किती जण? त्यावर ताटलीचा आकार ठरतो. दुसरा प्रश्न, आतडी चालतात का? सहकारी मला आधीच बजावून होता, "मोठं आतडं घे. स्टॉल कसा आहे ते त्यावरूनच कळतं."

आंटीने पातेल्यातून आतड्याचं लांब वेटोळं चिमट्याने वर काढलं, रस निथळू दिला आणि लाकडी ठोकळ्यावर सुऱ्याने तिरके काप पाडले. प्रत्येक काप म्हणजे जाड कडं, बाहेरून गडद, आत फिकट. शेजारी कातड्याच्या पट्ट्या, तळलेल्या टोफूचे तुकडे, अर्धं अंडं, खारवलेल्या मोहरीच्या पाल्याचं लोणचं. वरून पळीभर रस आणि कोथिंबीर. ही ताटली सगळ्यांची मिळून. वाटी मात्र ज्याची त्याची. तिच्यात तांदळाच्या पिठाचे रुंद, पातळ, निसरडे तुकडे आणि पातळ तपकिरी रस्सा, वर तळलेल्या कांद्याचा तवंग. चाओचौकडे हा रस्सा पांढरट आणि दाट असतो. सिंगापुरात तो पातळ झाला आणि मसाल्याचा रस त्यात मिसळला गेला.

आधी रस्सा प्यायचा. मग तांदळाचा तुकडा चमच्यात धरायचा, कारण चॉपस्टिकमधून तो हमखास सुटतो. मग आतड्याचा काप लसूण-मिरचीच्या आंबट चटणीत बुडवायचा. पहिल्या घासाला हलका चिवटपणा, मग आतली चरबी विरघळते, शेवटी चक्रीफुलाचा गोडसर वास. चटणी सोडू नका. तिच्या आंबटपणाशिवाय चौथ्या कापानंतर तोंड जड होतं.

या पदार्थाची खरी कमाई मात्र धुण्यात आहे. पुढे एकदा मी सकाळी स्टॉल उघडण्याआधीच गेलो, तेव्हा आंटीचा नवरा मागे नळाखाली आतडी साफ करत होता. आतड्याचं एक टोक तो बाहीसारखं दुमडून घ्यायचा आणि त्या घडीत पाणी सोडायचा. पाण्याच्या वजनाने आतडं आपोआप उलटत जायचं आणि बघता बघता आतली बाजू बाहेर. मग चरबी खरडणं, जाडं मीठ आणि पीठ लावून दोन्ही हातांनी चोळणं, पिळणं, धुणं, परत चोळणं. त्यानंतर उकळतं पाणी आणि मगच मसाल्याचं पातेलं. आमच्याकडे कोल्हापूरला वजडी कडक पाणी आणि चुना लावून खरडतात, तेव्हा ही मेहनत काय असते ते मला ठाऊक होतं. पण रोज, एवढ्या मोठ्या प्रमाणावर, पहाटेपासून? चरबी तो पूर्ण काढत नव्हता. सगळी काढली तर काप रबरासारखा लागतो, असं त्याचं म्हणणं. मलाही अगदी निर्गंध आतडं आवडत नाही. घाणेरडा वास अजिबात नको, पण आपण काय खातोय याची किंचित जाणीव राहिली पाहिजे.

एवढं करून एका माणसाची थाळी पाच-सहा सिंगापुरी डॉलरला. इथल्या बऱ्याच कॅफेत तेवढ्यात फार तर एक कॉफी मिळते. सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण पहाटे नळाखाली उभं राहणारी पुढची पिढी हवी असेल तर लोकांनी या थाळीला दोन-तीन डॉलर जास्त मोजायला हवेत. नूडल्सला पंधरा डॉलर देणारे लोक क्वे चॅप पन्नास सेंटने वाढलं की कुरकुरतात, हे मला पटत नाही.

जाणार असाल तर तीन-चार जण मिळून जा, म्हणजे ताटलीत सगळे प्रकार येतील. दुपारी एकच्या आत पोचा. चांगल्या स्टॉलवर मोठं आतडं सगळ्यात आधी संपतं. आतड्याची धास्ती असेल तर टोफू, अंडं आणि कातड्यापासून सुरुवात करा. आणि खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः परत ठेवायचा असतो, 2021 पासून तो नियमच आहे. परतीच्या रॅक दोन असतात, त्यातली हलालची सोडून दुसरी वापरायची.