बायचुंगच्या क्लबांच्या गावी: कोलकाता, फगवाडा आणि बरी

फुटबॉलपटू बायचुंग भुतिया ज्या क्लबांकडून खेळला त्यांची गावं बघायची, हे बरेच दिवस मनात होतं. सगळे क्लब एका दमात होत नाहीत. मलेशियातले राहिलेच. पण कोलकाता आणि इंग्लंडमधलं बरी मनासारखं बघून झालं. जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

सुरुवात कोलकात्यापासूनच करा. पुण्याहून आझाद हिंद किंवा मुंबईहून गीतांजलीने हावड्याला उतरायचं आणि तिथून मेट्रोने एस्प्लनेड. गंगेच्या खालून जाणारी ही मेट्रो आता पुढे सॉल्ट लेक स्टेडियमपर्यंत थेट नेते, त्यामुळे मुक्काम एस्प्लनेडच्या आसपास ठेवला की मैदान आणि स्टेडियम दोन्ही सोयीचं पडतं. मैदानावरच्या क्लबांच्या कचेऱ्यांना तिथे ‘टेंट’ म्हणतात. जमीन लष्कराची. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचे टेंट एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत. सकाळी लवकर जा. मॅच नसलेल्या दिवशी फाटकावर नीट विचारलं की बहुतेक वेळा आत डोकावू देतात, निदान आम्हाला तरी दिलं.

मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ची. २९ जुलै १९११ रोजी या क्लबने ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला २-१ असं हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. गोल शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांचे. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले, बूट होते ते एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायात. वंगभंगाच्या चळवळीनंतरचा तो काळ, त्यामुळे हा विजय केवळ खेळातला राहिला नाही. आजही २९ जुलै ‘मोहन बागान दिन’ म्हणून साजरा होतो. शक्य असेल तर तीच तारीख धरून जा. ईडन गार्डन्सजवळ गोष्ठ पाल यांचा पुतळा आहे, तोही चुकवू नका. अनवाणी खेळणाऱ्या या बचावपटूला लोक ‘चीनची भिंत’ म्हणत.

ईस्ट बंगालचा जन्म अपमानातून झाला. जुलै १९२०मध्ये जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या मॅचमधून शैलेश बोस यांना वगळलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी रदबदली केली, ती कुणी ऐकली नाही. ते बाहेर पडले आणि १ ऑगस्टला नवा क्लब उभा राहिला, पूर्व बंगालच्या माणसांचा. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या लाखोंना या क्लबमध्ये आपलं गाव सापडलं. लाल-सोनेरी रंग व्हाइटअवे लेडलॉ या दुकानात टांगलेल्या शर्टावरून घेतला, असं सांगतात. ती इमारत आजही एस्प्लनेडच्या चौकात घुमटासकट उभी आहे, मेट्रोतून बाहेर पडलात की मान वर करून बघा. आपल्याकडचा धागाही आहे: १९४९ साली ईस्ट बंगालच्या ‘पंच पांडवांनी’, म्हणजे वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह यांनी, मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला होता.

सिक्कीमचा बायचुंग १९९३मध्ये सोळाव्या वर्षी ईस्ट बंगालमध्ये आला. १३ जुलै १९९७ची फेडरेशन कपची सेमीफायनल कोलकात्यात आजही काल झाल्यासारखी सांगतात. सॉल्ट लेकला सव्वा लाखाच्या वर लोक, मोहन बागानकडे प्रशिक्षक अमल दत्तांची खेळाडूंची ‘डायमंड’ रचना, ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी. निकाल ४-१ असा ईस्ट बंगालच्या बाजूने, त्यात बायचुंगची हॅटट्रिक. टेंटबाहेरच्या चहावाल्याने तिसरा गोल मला किटली हातात धरून पायाने करून दाखवला. पुढे बायचुंग मोहन बागानकडूनही खेळला. डर्बी, म्हणजे या दोन क्लबांची आपसातली मॅच, बघणार असाल तर आपल्या गॅलरीचा रंग आधी विचारून मगच शर्ट घाला: ईस्ट बंगालचा लाल-पिवळा किंवा मोहन बागानचा हिरवा-मरून. दुसऱ्या बाजूचा रंग घालून बसण्यात काही अर्थ नाही.

फगवाड्याला मात्र मुद्दाम जाऊ नका. अमृतसरला निघालाच असाल तर लुधियाना ओलांडल्यावर खिडकीतून बघा. इथल्या जेसीटी कापड गिरणीच्या संघाने १९९६-९७ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली, त्या लीगमध्ये सर्वाधिक गोल बायचुंगचे होते. २०११मध्ये मालकांनी संघ बंद केला. एका निर्णयात सगळं संपलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

बरीही कापडाचंच गाव. मागावरचा धावता धोटा शोधणारा जॉन के याच भागातला, त्याच्या नावाची बाग गावाच्या मध्यावर आहे. गिरणगावात वाढलेल्याला इथल्या विटा ओळखीच्या वाटतील. इथला बरी एफसी हा क्लब १८८५चा. १९०३च्या एफए कप फायनलमध्ये त्याने डर्बी काउंटीला ६-० असं धुतलं होतं. बायचुंग १९९९मध्ये इथे आला आणि १५ एप्रिल २०००ला चेस्टरफील्डविरुद्ध त्याने पहिला गोल केला.

२७ ऑगस्ट २०१९ रोजी पैशांच्या गोंधळापायी क्लबला लीगमधून काढून टाकलं. त्याच्या गिग लेन मैदानाला कुलूप लागलं. पाठीराख्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, दुसऱ्याच्या मैदानावर खेळले, भांडले, पुन्हा एकत्र आले आणि २०२३मध्ये आपल्या मैदानात परतले. खालच्या लीगमध्ये का होईना, बरी एफसी खेळतो आहे आणि तो त्याच्या पाठीराख्यांच्या मालकीचा आहे. जेसीटीच्या वाट्याला हे आलं नाही.

मँचेस्टर व्हिक्टोरियाहून पिवळी ट्राम अर्ध्या तासाच्या आत बरीला पोचवते. तिथून गिग लेनसाठी मँचेस्टर रोडने दक्षिणेकडे वीसेक मिनिटं चाला. जायचं तर शनिवारी, कारण त्या दिवशी मोठा बाजार भरतो आणि मॅच साधारण दुपारी तीनला असते. बाजारातलं ब्लॅक पुडिंग गावाची शान आहे, पण त्यात डुकराचं रक्त असतं. शाकाहारी मंडळींनी चीज आणि पावाच्या दुकानांकडे वळावं. सामना बरीतच आहे ना, हे वेळापत्रकात बघूनच मँचेस्टरची तिकिटं काढा, आणि हिवाळ्यात जात असाल तर हातमोजे विसरू नका.